बर्फात उतरवलेला स्फटिक

आमच्या उतई गावच्या पावसाळ्यात झिंक क्लोराइडच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलं, की भुकटीचं पाणी होतं. ओलं रसायन तोललं की प्रमाण चुकतं आणि पुढची मेहनत वाया जाते. मे महिन्यात उलटा त्रास: पाणी इतकं भराभर उडतं, की स्फटिक दुधी निघतात. म्हणून मी स्फटिक वाढवण्याचं काम डिसेंबरात काढतो.

13.6 ग्रॅम झिंक क्लोराइड, 21.9 ग्रॅम टेट्रामिथाइलअमोनियम क्लोराइड. म्हणजे एकास दोन रेणू. ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायचं, द्रावण गढुळलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब घालायचे. मग गाळायचं, बीकरवर भोकं पाडलेला कागद बांधायचा आणि हात लावायचा नाही.

या स्फटिकात जस्त-क्लोरीनचा भाग असेंद्रिय, टेट्रामिथाइलअमोनियमचा सेंद्रिय; म्हणून हे संयुग संकरित. उबेत हे आयन जागच्या जागी डोलत असतात. गारठले की शिस्तीत बसतात. बसण्याची ती तऱ्हा बदलली की परावैद्युतांकही, म्हणजे विद्युतभार साठवण्यात पदार्थ किती मदत करतो ते सांगणारा आकडाही, बदलतो. सुमारे 23 अंशांवरचा पहिला बदल मीटरवर जेमतेम कळतो. खरी उसळी सुमारे 7 अंशांवर, म्हणजे द्रवरूप नायट्रोजन लागत नाही, बर्फ पुरतो. आमच्यासारख्या गावात या संयुगाचं मोल त्यासाठीच.

स्फटिकाची चकती योग्य दिशेनेच कापावी लागते. दोन्ही बाजूंना चांदीची पेस्ट, बारीक तारा, परीक्षानळीत सिलिका जेल, घट्ट बूच. नळी बर्फात, तारा एलसीआर मीटरला.

पहिल्या खेपेस मी सिलिका जेल घातलं नव्हतं. आकडा झपाट्याने चढला, मी हरखलो. बूच काढलं तर चकतीवर दव! पाण्याचा परावैद्युतांक 80 च्या घरात. ते दव मी स्फटिकाच्या नावावर मांडलं होतं.

नानजिंगच्या संशोधकांनी 2010 मध्ये पोटॅशियम-लोह सायनाइडच्या पिंजऱ्यात इमिडाझोलियम कोंडून उणे 86 आणि उणे 115 अंशांच्या आसपास परावैद्युतांकाचे असेच बदल दाखवले. पुण्याच्या आयसरमध्ये राममूर्ती बूमिशंकर यांचा गट संकरित फेरोइलेक्ट्रिकपासून हालचालीची वीज करू पाहतो. संयुग कुठलंही असो, पारख तीच: थंड करताना आलेली उसळी तापवतानाही जवळपास त्याच जागी यायला हवी, आणि पुन्हा पुन्हा.

हे करून पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे: थंड करतानाच्या आलेखाशेजारी तापवतानाचाही आलेख छापा.