मोटारीचा मुका झालेला अंतरमापक

मोटार चालविणाराची नजर वेगाच्या कांट्याकडे वारंवार जाते. त्याच तबकडीच्या पोटांतील चिमुकल्या खिडकींतून दिसणाऱ्या आंकड्यांकडे मात्र ती क्वचितच वळते. कांटा चालू क्षणाचें सांगतो आणि पुढच्या क्षणीं तें विसरतो. आंकडा कांहींच विसरत नाहीं. गाडी कारखान्याबाहेर पडल्यापासून किती चालली, याचा सारा हिशेब त्या पांच-सहा चाकांवर मांडलेला असतो. या यंत्रास ओडोमीटर किंवा अंतरमापक म्हणतात. तें बंद पडलें तरी गाडी पूर्वीसारखीच धांवते, दिवे लागतात, ब्रेक लागतो. म्हणूनच त्याची दुरुस्ती वर्षानुवर्षें लांबणीवर पडते. ती कां लांबवूं नये आणि कशी करावी, हें एका जुन्या शर्यती वळणाच्या गाडीच्या उदाहरणावरून चांगलें स्पष्ट होतें.

अंतर मोजण्याची युक्ति मोटारीहून पुष्कळच जुनी आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागांत अंतर मोजणाऱ्या एका गाड्याचें वर्णन केलें आहे. गाड्याच्या चाकाचा घेर साडेबारा फूट. त्याच्या तुंब्यास एकच दांता. चाक एकदां फिरलें कीं हा दांता ४०० दांत्यांच्या दुसऱ्या चक्रास एक घर पुढें ढकली. तें चक्र पुरें फिरेपर्यंत गाडा ५,००० फूट, म्हणजे एक रोमन मैल, चाललेला असे. आणि त्याच वेळीं वरच्या भोंकांतून एक खडा खालच्या कांशाच्या भांड्यांत पडे. मुक्कामाला पोंचल्यावर खडे मोजले कीं मैल कळले.

मोटारींतील यंत्रानें खड्यांच्या जागीं आंकड्यांचीं चाकें बसविलीं, इतकेंच. प्रत्येक चाकाच्या कडेवर शून्यापासून नवापर्यंत आंकडे असतात. उजवीकडील चाकाची एक फेरी पुरी होतांच त्याच्या बाजूचे दांते मधल्या लहान चक्रीस धरतात आणि डावीकडील चाक फेरीच्या दहाव्या भागाइतकें सरकतें. पाटीवर बेरीज करणारें मूल 'हातचा एक' पुढच्या घरांत नेतें, तसाच हा यंत्राचा हातचा होय. पाण्याच्या जुन्या मीटरांतहि हीच रचना पाहावयास मिळते.

आतां प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळूं. जर्मनींतील पोर्श कंपनीनें १९८२ ते १९९१ या काळांत '९४४' नांवाची गाडी काढली. एंजिन पुढें आणि गिअरबॉक्स मागच्या आंसापाशीं, असा तिचा तोल फार वाखाणला गेला. अजूनहि अनेक देशांत हौशी मालक त्या गाड्या जिवापाड जपतात. तिच्या वेगमापकास फिरती तार नाहीं. मागच्या गिअरबॉक्समधील चुंबक फिरतात, शेजारचा सेन्सर त्या फेऱ्यांचे विजेचे ठोके करून पुढें धाडतो, त्या ठोक्यांवर वेगाचा कांटा हलतो आणि त्यांवरच एक लहानशी मोटर अंतरमापकाचीं दांतेरी चक्रें फिरविते. या चक्रांपैकीं एक प्लॅस्टिकचें असतें. वय झालें कीं तें ठिसूळ होतें, त्याचे दांते झडतात, आणि आंकडा जागच्या जागीं थांबतो. वेगाचा कांटा मात्र चालूच राहतो. त्यामुळें मालकास संशयहि येत नाहीं.

प्रवासाचें अंतर वेगळें दाखविणाऱ्या आंकड्यांना शून्यावर आणणारी एक कळ या तबकडीवर असते. गाडी धांवत असतां ती कळ दाबूं नये, असें जाणते कारागीर सांगतात. त्या क्षणीं मोटर चक्रास एकीकडे ढकलीत असते, तर कळ आंकड्यांना भलतीकडे ओढते. जुन्या दांत्यांना ही ओढाताण सोसत नाहीं. कळ दाबावयाची ती गाडी उभी असतांनाच, एवढी संवय लावली तरी चक्राचें आयुष्य वाढतें.

हत्यार हातीं घेण्यापूर्वीं दोष कोठें आहे तें ठरवावें. वेगाचा कांटा आणि आंकडा दोन्ही एकदमच थांबले असतील, तर चक्राला दोष देण्यांत अर्थ नाहीं. सेन्सर किंवा त्याची तार तपासावी. कांटा हलतो, पण एकूण अंतर व प्रवासाचें अंतर दोन्ही अडलीं असतील, तर बिघाड मोटरींत किंवा तिच्या लगतच्या चक्रांत असतो. दोहोंपैकीं एक चालतें आणि दुसरें नाहीं, असें असेल तर दोष त्याहून पुढें, आंकड्यांच्या बाजूस शोधावा. थोडें चालून अडकणारा आणि पुन्हां चालणारा आंकडा हा बहुधा एखाद-दुसरा दांता झडल्याचें चिन्ह असतो.

दुरुस्तीचें काम नाजूक आहे, अवघड नाहीं. प्रथम बॅटरीची तार सोडावी. नंतर तबकड्यांची पेटी डॅशबोर्डमधून काढून स्वच्छ कापडावर ठेवावी आणि उघडण्यापूर्वींच आंकड्याचें छायाचित्र घ्यावें. हें पहिलें पथ्य. चाकांचा दांडा निसटला तर आंकडे मोकळे फिरतात, आणि मग मूळ संख्या कोणती होती हें केवळ आठवणीवर सांगावें लागतें. वेगाच्या कांट्यामागें केसासारखी बारीक कमान असते. कांटा काढणें भागच असेल तर त्याची विसाव्याची जागा आधीं खुणावून ठेवावी. मोडलेलें चक्र काढल्यावर त्याचे तुकडे वेंचून घ्यावे. आंत राहिलेला एक तुकडा नव्या चक्राचा घात करण्यास पुरेसा होतो.

नवें चक्र मिळतें. जुन्या गाड्यांसाठीं असे सुटे भाग तयार करणारे लहान कारखानदार आहेत. परंतु दांते मोजल्यावांचून तें बसवूं नये. समजा, जेथें २५ दांते हवेत तेथें २४ दांत्यांचें चक्र बसलें. तें चक्र दर फेरींत थोडें लवकर फिरेल आणि गाडी १,००,००० किलोमीटर चालल्यावर आंकडा १,०४,००० च्या वर गेलेला दिसेल. एका दांत्याची चूक अशी चार हजारांवर जाते. चक्रांना तेलांत बुडविणेंहि बरें नव्हे. तेल धूळ धरतें आणि कांहीं प्लॅस्टिक त्यानें बिघडतें.

पेटी जागीं बसविल्यावर खात्री करण्यास रस्त्यासारखी दुसरी फूटपट्टी नाहीं. जर्मनींतील महामार्गांवर दर ५०० मीटरांवर अंतराच्या पाट्या असतात; दहा-वीस किलोमीटर जाऊन आंकडा पाट्यांशीं ताडून पाहावा. हें जमलें म्हणजे यंत्राचें काम संपलें. माणसाचें काम येथून पुढें सुरू होतें.

कारण यंत्र बंद असतांना गाडी चाललेलीच आहे, आणि तें अंतर कोठेंच लिहिलेलें नाहीं. याचा परिणाम काय होतो तें ९४४ च्या एंजिनांतच दिसतें. तिचे व्हॉल्व्ह एका दांतेरी रबरी पट्ट्यानें हलतात. हा पट्टा ठराविक अंतरानें व ठराविक वर्षांनीं बदलावा लागतो. तो धांवतांना तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि एंजिनची मोठी हानि होते. थांबलेल्या आंकड्यावर विसंबणारा मालक पट्टा अजून नवाच आहे अशा समजुतींत राहतो. एका क्षुद्र चक्राच्या आळसापायीं सबंध एंजिन गमावण्याची पाळी येते ती अशी.

दुसरा प्रश्न विक्रीचा. कमी आंकड्याची गाडी अधिक मोलास जाते, म्हणून आंकडा मागें फिरविण्याचा मोह जुना आहे. अमेरिकेनें १९७२ च्या कायद्यानें या लबाडीस बंदी केली. जर्मनींतहि २००५ पासून तो गुन्हा आहे. अमेरिकेच्या कायद्यांत दुरुस्तीची सोय आहे, पण अट अशी कीं दुरुस्तीनंतर मूळ आंकडा तोच राहिला पाहिजे. तसें करणें शक्यच नसेल तर आंकडा शून्यावर आणावा, आणि पूर्वींचा आंकडा व दुरुस्तीची तारीख लिहिलेली चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी.

मग हरवलेलें अंतर भरून काढण्यासाठीं आंकडा अंदाजानें पुढें ढकलावा काय? तो मार्ग नव्हे. अंदाज कितीहि सद्‌हेतूनें केलेला असला तरी यंत्राच्या तोंडीं घातला कीं तो मोजमाप असल्याची बतावणी करतो. त्याची जागा वहींत आहे. पेट्रोलच्या पावत्या येथें उपयोगी पडतात. समजा, यंत्र बंद असतांना ८०० लिटर पेट्रोल भरलें आणि गाडी लिटरला १० किलोमीटर जाते, तर सुमारें ८,००० किलोमीटर न मोजतां झाले. ही बेरीज, यंत्र थांबल्याची व चालू झाल्याची तारीख, त्या वेळचा आंकडा आणि छायाचित्र हीं सर्व गाडीच्या कागदपत्रांत ठेवावीं. पट्टा केव्हां बदलावयाचा तें या बेरजेवरून ठरवावें, आणि गाडी विकतांना वही घेणाराच्या हातीं द्यावी. तबकडीवरील आंकडा तेवढा जसा होता तसा राहूं द्यावा आणि तेथून पुढें खरा चालूं द्यावा.