अंतराची दोन मापे : किलोमीटर आणि तास

खास प्रतिनिधी

मुंबई ते मॉरिशस हे हवाई अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर. थेट विमानाला साधारण सव्वासहा तास लागतात. मुंबई ते जव्हार हे रस्त्याचे अंतर सुमारे १४५ किलोमीटर. प्रवास तीन ते चार तासांचा. पहिले अंतर दुसऱ्याच्या बत्तीस पट, वेळ मात्र जेमतेम दुप्पट. या विसंगतीची कारणे अंतर मोजण्याच्या पद्धतीतच दडलेली आहेत.

पृथ्वीगोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या रेषेत बसेल तेच त्यांच्यातील सर्वांत कमी अंतर. हिंदी महासागरावर डोंगर-दऱ्यांचा अडसर नसल्याने विमान या रेषेच्या बरेच जवळून जाते. ठरलेले हवाई मार्ग, हवामान आणि उतरण्यासाठीची प्रतीक्षा यांमुळे थोडी भर पडते, इतकेच.

ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर साधारण साडेपाच तासांत संपायला हवे. परंतु विमानतळावरील संथ चाल, उड्डाणानंतरची चढण आणि उतरण यांत वेळ जातो. वेळापत्रकातील कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. वाऱ्याच्या दिशेनुसारही तो कमी-अधिक होतो. शिवाय मॉरिशसचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. त्यामुळे सकाळी सहाला मुंबईहून निघालेला प्रवासी तेथील पावणेअकराला पोहोचतो. घड्याळाच्या हिशेबाने प्रवास पावणेपाच तासांचा, प्रत्यक्षात सव्वासहा तासांचा!

जमिनीवर हे गणित पालटते. मुंबई विमानतळापासून जव्हार सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर आहे. रस्ता मात्र जवळपास दीडपट. जव्हार-नाशिक हे सरळ अंतर साठ किलोमीटरच्या आत, रस्त्याने सुमारे ८०. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचीवरील जव्हार आणि शेजारचा मोखाडा तालुका सह्याद्रीच्या डोंगररांगांत वसले आहेत. येथे रस्ता दरीला वळसा घालतो, घाट चढतो आणि वेगही गमावतो.

मुख्य रस्ता सोडून पाड्यांकडे वळले, की किलोमीटरचे माप पुरतेच निरुपयोगी ठरते. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर जुळ्या नवजात बालकांचा मृत्यू झाला. रस्ता नसल्याने त्यांच्या मातेला डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर पायी न्यावे लागले. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. पण ती रस्ता जिथे संपतो तिथवरच येऊ शकते. पुढे मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, तेथून गरजेनुसार जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा नाशिक, असे टप्पे असतात. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव वेळीच थांबला नाही, तर काही तासांत जिवावर बेततो. अशा वेळी तीन किलोमीटरची पायवाट घाटातल्या तीस किलोमीटरांहून लांब ठरू शकते.

विमान कंपन्या प्रवाशाला किलोमीटर नव्हे, तर निघण्याची व पोहोचण्याची वेळ सांगतात. आरोग्यसेवेचे नियोजनही त्याच मापाने व्हायला हवे. पाड्यापासून रुग्णालय किती किलोमीटरवर आहे, हा प्रश्न अपुरा आहे. भर पावसात, रात्रीच्या वेळी, रुग्णाला घेऊन तेथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे विचारले तरच खरे अंतर कळेल.