घरचा संगणक : निवड आणि जुळणी

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड, आंबिवली व टिटवाळा हीं स्थानकें मागें टाकून खडवलीस पोंचते, तेव्हां शहराची दाटी सरून भातसा नदीचा हिरवा कांठ दिसूं लागतो. पावसाळ्यांत सहलीला येणाऱ्या मंडळींना एवढीच खडवली ठाऊक असते. परंतु येथें वर्षभर राहणारीं आणि नोकरीसाठीं रोज ठाण्या-मुंबईकडे जाणारीं कुटुंबेंही आहेत. आणि अशा कुटुंबांत टेबलावरच्या संगणकावर कोणाचे हिशेब, कोणाचा अभ्यास, कोणाचें लेखन चाललेलें असतें. जून महिन्यांतील एखाद्या संध्याकाळीं आभाळ भरून येतें, दिवे एकदां मिचकावतात आणि दुसऱ्याच क्षणीं पडदा काळा होतो. गेलेली वीज परत येते. पण तीन तासांचें काम, आणि दैव अगदींच प्रतिकूल असेल तर वर्षाचे हिशेब जिच्यांत होते ती डिस्कही, परत हातीं लागेलच असें नाहीं.

संगणक विकत घेतांना मात्र या संध्याकाळची आठवण सहसा कोणाला होत नाहीं. पहिला प्रश्न निघतो तो प्रोसेसरचा. दुसरा, त्याचा आकडा शेजाऱ्याच्या यंत्रावरील आकड्याहून मोठा आहे कीं नाहीं, याचा. वस्तुतः संगणक म्हणजे सात-आठ वस्तूंचा संसार आहे. एकट्या कर्त्या माणसाच्या मिळकतीवरून जसें घराचें सुख ठरत नाहीं, तसेंच येथेंही आहे. यंत्राचा वेग त्याच्या सर्वांत मंद अवयवावर ठरतो, आणि त्याचें आयुष्य त्याला मिळणाऱ्या विजेवर व हवेवर ठरतें. हीं दोन सूत्रें ध्यानांत ठेवून बाजारांत गेलेला गृहस्थ सहसा फसत नाहीं.

उदाहरणादाखल खडवलीचें एक घर डोळ्यांपुढें आणावें. घरांतील गृहिणी दोन-तीन दुकानदारांचे हिशेब ठेवते, मुलगी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत शिकते, आणि निवृत्त आजोबा आपल्या आठवणी मराठींत लिहून काढीत आहेत. रक्कम ठरलेली आहे. ती एकदां खर्च झाली कीं सहा-सात वर्षें पुन्हां निघणार नाहीं. अशा घरचीं माणसें दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोडवरील एखाद्या दुकानांत शिरतात. संगणक असेंबल करून हवा, असें सांगतांच दुकानदार कागद पुढें ओढून सुट्या भागांची यादी करूं लागतो. त्या कागदावर कोणत्या भागाला किती मान द्यावा, हाच खरा प्रश्न आहे.

यंत्र सुरू करतांना किंवा मोठी हिशेबवही उघडतांना जो खोळंबा होतो, त्याला प्रोसेसर क्वचितच कारण असतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्यें चुंबकीय तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी असलेली नोंद वाचणाऱ्या टोकाखालीं येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावें लागतें. हा वेळ सेकंदाच्या २४० व्या भागाइतका, म्हणजे चार सहस्रांश सेकंदांहून किंचित अधिक होतो. टोक योग्य वर्तुळावर नेण्यास लागणारा वेळ निराळाच. एस. एस. डी. मध्यें फिरणारें कांहींच नसल्यामुळें तीच नोंद सहस्रांश सेकंदाच्या सुमारें दहाव्या भागांत किंवा त्याहूनही लवकर मिळते. एका नोंदीपुरता हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु यंत्र जागें होतांना अशा हजारों नोंदी वाचाव्या लागतात, आणि मग सेकंदांचीं मिनिटें होतात. म्हणून संगणकप्रणाली व रोजचें काम एस. एस. डी. वर असावें, हार्ड डिस्क हवीच असेल तर ती छायाचित्रांचें व जुन्या कागदपत्रांचें कोठार म्हणून ठेवावी. जुन्या यंत्राला नवा प्रोसेसर घालण्याआधीं एस. एस. डी. घालून पाहावी, असें जाणते कारागीर सांगतात तें याचसाठीं.

दुसरा मान रॅमचा. रॅम म्हणजे काम करण्याचें मेज. मेज अपुरें पडलें कीं कागद पुन:पुन्हां कपाटांत ठेवावे व काढावे लागतात. वर सांगितलेल्या घराला १६ जी. बी. रॅम पुरेशी होते. मात्र ती १६ ची एक पट्टी न घेतां आठ-आठच्या दोन पट्ट्या घेतल्यास बहुतेक मदरबोर्ड दोन्ही वाटांनीं एकाच वेळीं माहिती आणतात, आणि प्रोसेसरमध्येंच चित्रांची सोय असेल तर त्याचा लाभ चांगलाच जाणवतो. चार खांचांच्या बोर्डावर या पट्ट्या प्रोसेसरकडून मोजल्यास बहुधा दुसऱ्या व चौथ्या खांचेंत बसवावयाच्या असतात. तरी बोर्डाबरोबरची पुस्तिका पाहून घ्यावी. डी. डी. आर. ४ ची पट्टी डी. डी. आर. ५ च्या खांचेंत बसत नाहीं, हें पैसे देण्यापूर्वींच आठवलेलें बरें.

प्रोसेसरचा क्रम यानंतर येतो. हिशेब, लेखन व पहिल्या वर्षाचा अभ्यास यांना मधल्या प्रतीचा प्रोसेसर भरपूर होतो. एक बारकावा मात्र लक्षांत ठेवण्याजोगा आहे. इंटेलच्या कांहीं प्रोसेसरांच्या नांवाअखेर एफ हें अक्षर असतें. त्यांत चित्रे दाखविण्याची अंगची सोय नसते. तो स्वस्त मिळाला म्हणून आनंदानें घरीं आणावा, आणि निराळ्या ग्राफिक्स कार्डावांचून पडद्यावर कांहींच उमटूं नये, असा प्रसंग ओढवतो. उलट, मुलीला पुढें त्रिमितीय आराखड्यांचें काम करावें लागलें तर कार्ड नंतरही घालतां येतें. त्यासाठीं आज बोर्डावर जागा आणि वीजपुरवठ्यांत थोडा जोर राखून ठेवला म्हणजे झालें.

येथवर वेगाचा विचार झाला; आतां आयुष्याचा. दुकानदाराच्या यादींत सर्वांत शेवटीं, आणि पैसे कमी पडूं लागले कीं सर्वांत आधीं ज्याच्यावर काट बसते, तो भाग म्हणजे एस. एम. पी. एस. भिंतींतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वीज तो १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेंत बदलतो, आणि प्रत्येक भाग त्याच्याच हातचें खातो. निकृष्ट एस. एम. पी. एस. जळतांना कधीं कधीं बोर्ड व डिस्क यांनाही बरोबर घेऊन जातो. वेष्टनावर ५०० वॉट छापलेलें असणें हा पुरावा नव्हे. '८० प्लस' ही २००४ सालीं सुरू झालेली खूण पाहावी. तिच्या पायाभूत प्रतीचा अर्थ, तपासणींत ठरलेल्या भारांवर घेतलेल्या विजेपैकीं निदान ८० टक्के वीज कामीं लागते व उरलेलीच उष्णता होऊन जाते. ही खूण टिकाऊपणाची हमी नसली, तरी नांवापुरत्या मालाला गाळण्यास ती उपयोगी पडते.

वीज एका आवर्तनाला सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे २० सहस्रांश सेकंद घेते. चांगला एस. एम. पी. एस. आपल्याजवळील साठ्यावर पंधरा-सोळा सहस्रांश सेकंद यंत्र तगवून धरतो. तेवढ्या अवधींत यू. पी. एस. नें भार उचलावयाचा असतो, आणि साधा यू. पी. एस. तो उचलतोही. घरीं इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागील कळ यू. पी. एस. च्या बाजूला आहे ना, तें पाहावें. दुसऱ्या बाजूला असल्यास पंखा न थांबतां संगणक मात्र बंद पडतो. यू. पी. एस. वरील ६०० व्ही. ए. हा आकडा वॉटचा नव्हे; अशा साध्या यू. पी. एस. पासून बहुधा ३६० वॉटच मिळतात. लेझर प्रिंटर त्यावर कधींही लावूं नये, कारण शाई कागदावर भाजतांना तो एकदम फार वीज ओढतो. यू. पी. एस. नें मिळणारीं दहा-पंधरा मिनिटें काम सुरक्षित ठेवून यंत्र बंद करण्यासाठीं आहेत. तीं काम पुढें रेटण्यासाठीं नाहींत.

याच संदर्भांत अर्थिंगची गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागतांच बोटांना मुंग्या येतात, आणि तें संगणकाचेंच लक्षण आहे असें समजून मंडळी चपला घालून बसतात. वास्तविक एस. एम. पी. एस. मधील गाळणीचे छोटे धारक पत्र्याला जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारी किंचित वीज जमिनींत जाण्यासाठींच तिसरी पिन असते. ती वाट तुटली कीं पत्रा तरंगता राहतो. अशा वेळीं यंत्राकडे न पाहतां वायरमनला बोलावून भिंतींतील अर्थिंग तपासून घ्यावें. त्यावांचून सर्ज थांबविणाऱ्या पट्टीचें संरक्षणही अपुरेंच राहतें. विजा कडाडूं लागल्या कीं प्लग काढावाच. इंटरनेटची तांब्याची तार आंत येत असेल तर तीही काढावी.

आतां हवा. १९६० सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. त्यांत २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळ्या गेल्या आणि त्यांचें काम नखाएवढ्या तुकड्यावर आलें, तरी खर्चलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते, हा नियम बदललेला नाहीं. पंखा तोच व काम तेंच असेल तर प्रोसेसर खोलीच्या तपमानाहून ठराविक अंशांनीं वर राहतो. माघांत २५ अंशांच्या खोलींत तो ७० अंशांवर असेल, तर वैशाखांत पारा चाळिशीला गेला कीं तो ८५ वर जाईल. शंभराच्या आसपास गेल्यावर तो स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच उतरवतो. महाग प्रोसेसर कोंदट कपाटांत ठेवणें म्हणजे घोडा घेऊन त्याचे पाय बांधण्यासारखें होय. कॅबिनेटच्या पुढून हवा आंत यावी, मागून बाहेर जावी, आणि भिंतीपासून वीतभर जागा मोकळी असावी.

यंत्र घरीं आल्यावर त्याची जुळणी करावयाची ती याच दोन सूत्रांनीं. रॅमची पट्टी ६००० वेगाची घेतली असली, तरी बायॉसमध्यें जाऊन तिची नेमणूक निवडीपर्यंत ती बहुधा ४८०० नेंच चालते. नव्या मॉनिटरची क्षमता सेकंदाला ७५ किंवा १०० चित्रांची असून तो ६० वरच राहिलेला असतो; तें प्रणालीच्या मांडणींत बदलावें. प्रोसेसरला मिळणारा दाब किंचित उतरवण्याची सोय कांहीं बोर्डांत असते. खर्च होणारी वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें, वेग तोच ठेवून दाब दहा टक्के उतरला तर ती सुमारें ८१ टक्क्यांवर येते, आणि उन्हाळा सुसह्य होतो. मात्र एका वेळीं एकच बदल करावा, रात्रभर यंत्राची परीक्षा घ्यावी, आणि थोडीही अडखळ दिसल्यास मूळ स्थितीवर यावें. हिशेबाच्या यंत्राला चुकीची वेगवान बेरीज काय कामाची?

पावसाळ्यांत साचलेली धूळ ओल धरते आणि गंज व गळती यांना निमित्त होते. म्हणून मेअखेर प्लग काढून, पंख्याचीं पातीं बोटानें धरून, मऊ ब्रशनें आंतील धूळ काढावी. ओलीच्या महिन्यांत यंत्र रोज थोडा वेळ तरी चालवावें. कॅबिनेट जमिनीवर ठेवूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां ठाणे जिल्ह्यांतही किती घरांत पाणी शिरलें, तें नदीकांठच्या लोकांना सांगावयास नको.

आजोबांच्या वांट्याला येतो तो पडदा आणि कीबोर्ड. २४ इंची पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतील तर इंचाला सुमारें ९२ ठिपके पडतात. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले तर ते ८२ वर येतात, आणि 'द्ध' व 'द्व' यांतील भेद वृद्ध डोळ्यांना कळेनासा होतो. मोठा पडदा हवा असेल तर २५६० गुणिले १४४० चा घ्यावा. मराठी लिहिण्यासाठीं इन्स्क्रिप्ट हा आराखडा बहुतेक प्रणालींत आयताच असतो. त्यांत स्वर डाव्या हाताला व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताला आहेत. क ची कळ शिफ्टसह दाबली कीं ख, त ची दाबली कीं थ, ल ची दाबली कीं ळ. वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला तो दोन-तीन आठवड्यांत हातीं बसतो.

शेवटीं राहतें तें यंत्राबाहेरचें. डिस्क कितीही उत्तम असली तरी ती केव्हांतरी जाणारच. म्हणून हिशेबांची व आठवणींची एक प्रत यंत्रांत, दुसरी कपाटांतील सुट्या डिस्कवर, आणि तिसरी डोंबिवलीच्या मावशीकडे किंवा इंटरनेटवरील कोठारांत असावी. दुकानांतून निघतांना प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन वांचलेल्या पैशांत चांगला एस. एम. पी. एस., यू. पी. एस. आणि ही सुटी डिस्क आणली, तर त्या घरानें सौदा शहाणपणाचा केला असें म्हणावें. मग जूनच्या संध्याकाळीं दिवे जातात, यू. पी. एस. टिकटिकूं लागतो, गृहिणी चालू पान जपून ठेवते, यंत्र बंद करते, आणि मेणबत्ती शोधावयास उठते.