काठ दोन, तिजोरी एक

शेजारधर्म म्हटला की आपल्याला वाटीभर साखर आठवते. विरजण संपलं, अवेळी पाहुणे आले, की आपण शेजारच्या दारात उभ्या! पण दोन घरांच्या सामायिक विहिरीवरचा पंप जळला की? “तुमच्याकडे पाणी जास्त जातं, तुम्ही भरा.” “मागच्या खेपेला आम्हीच भरले होते.” इथं नुसता गोडवा पुरत नाही, कुणी किती पैसे घालायचे हे आधी ठरलेलं असावं लागतं. जी गोष्ट दोन घरांची, तीच दोन जिल्ह्यांची, दोन राज्यांची आणि दोन देशांचीही.

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं केनवडच घ्या. इथून मेहकरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात बुलढाणा जिल्हा सुरू होतो. अशा शिवेवरच्या मुलखात सोयरिकी दोन्हीकडे, बाजारहाट दोन्हीकडे; कागदपत्रं मात्र ज्याची त्याच्या जिल्ह्यात.

याच मुलखातली पैनगंगा. बुलढाणा जिल्ह्यात उगवते, मेहकरवरून रिसोड तालुक्यात येते. पुढे तिच्या एका काठाला विदर्भ, दुसऱ्या काठाला मराठवाडा. आणखी खाली गेलं की पलीकडच्या काठावर तेलंगणा. नदीला या रेघांचं काय? पण पाणी कुणाचं, बंधारा कुणाच्या पैशांतून, हे मात्र रेघेवरूनच ठरतं.

पैनगंगेच्या खालच्या भागातल्या पाण्याबद्दल महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात १९७५ साली करार झाला. निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या पाण्यातले ८८ टक्के महाराष्ट्राला, १२ टक्के आंध्रला. वाटणी कागदावर आली, पण ज्यांची घरंदारं बुडणार त्या गावांनी वर्षानुवर्षं विरोध केला. पुढे तेलंगणा वेगळा झाला आणि २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन्ही राज्यांनी पुन्हा करार केले. त्यात पैनगंगेवरचा चनाखा-कोरटा बंधाराही होता. नावातच दोन काठ आहेत बघा! चनाखा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं, कोरटा पलीकडच्या आदिलाबादमधलं.

कोकणात तिलारीचं उदाहरण आहे. धरण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, पण पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा आणि म्हणून खर्चाचा मोठा वाटाही गोव्याचाच. दोन राज्यांचा करार १९९० सालचा. धरणग्रस्तांना मात्र हक्कासाठी फार वर्षं भांडावं लागलं. शेवटी नोकरीऐवजी एकरकमी भरपाई ठरली, तिचा भारही दोन्ही राज्यांनी वाटून घेतला.

आता जरा दूर, युरोपात जाऊ या. जर्मनी आणि हॉलंड हे दुसऱ्या महायुद्धात एकमेकांचे वैरी. पण युद्धाला पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती, तोच १९५८ साली सीमेवरच्या ग्रोनाउ आणि एन्शेडे या गावांच्या परिसरातल्या नगरपालिका एकत्र आल्या. आपण दोघंही आपापल्या राजधानीपासून लांब, तेव्हा एकमेकांना धरून राहू, असा तो विचार. संघाचं नाव ‘युरेगिओ’. सुरुवातीला हाताशी पैसा थोडा. मग १९९० साली युरोपीय समुदायाने खास अशा कामांसाठी ‘इंटररेग’ नावाची योजना काढली. पहिल्या फेरीत सुमारे १ अब्ज. २०१४ ते २०२० च्या फेरीत व्याप वाढून सुमारे १० अब्ज युरो! अट अशी की योजना सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून मांडायची, काही पैसा आपल्या पदरचाही घालायचा आणि सगळ्या हिशेबाची जबाबदारी एकाने घ्यायची.

यातून काय साधलं? आपल्या जिव्हाळ्याचं एकच उदाहरण सांगते. पिरेनीज पर्वतात सेरदान्या नावाचं खोरं आहे. १६५९ च्या तहाने त्याचे दोन तुकडे झाले, अर्धं फ्रान्सचं, अर्धं स्पेनचं. फ्रान्सच्या बाजूला मोठं रुग्णालय डोंगर उतरून खूप दूर आणि हिवाळ्यात वाटेत बर्फ. बाळंतपणाच्या कळा का रस्ता मोकळा होण्याची वाट बघतात? म्हणून दोन्ही देशांनी मिळून स्पेनच्या बाजूला पुइगसेर्दा इथे रुग्णालय बांधलं. बांधकामाचा बराचसा खर्च युरोपच्या सामायिक निधीतून आला. २०१४ साली ते सुरू झालं. चालवण्याच्या खर्चात कातालोनियाचा वाटा ६० टक्के, फ्रान्सचा ४०. जन्ममृत्यूच्या नोंदींची डोकेदुखी तिथेही झाली. पण सीमेजवळच्या बाईला दवाखाना जवळ आला, हे महत्त्वाचं.

आणि हे आपल्याला अगदीच अनोळखी आहे असं नाही हं! सिंधुदुर्गातले रुग्ण वर्षानुवर्षं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन पेटलं. मार्ग निघाला तो महाराष्ट्राच्या महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून तिथला खर्च भागवण्याचा. म्हणजे पुन्हा तेच: शेजाऱ्याच्या दारात रिकाम्या हाताने न जाता आपला वाटा घेऊन जायचं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या भागात दोन गावांची पाणीयोजना, दोन तालुक्यांचा रस्ता किंवा शिवेवरचा दवाखाना असं काही निघालं, तर ग्रामसभेत वा नगरपालिकेत तीन प्रश्न जरूर विचारा. पैसा कुणाचा किती? वाटणी लेखी आहे का? आणि उद्या बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार? तिसरा प्रश्न उद्घाटनाच्या नारळाआधीच विचारायचा. कारण नळ कोरडा पडला की पहिली हाक आपल्यालाच येते आणि दुरुस्ती कुणाची हा वाद मिटेपर्यंत हंडे आपल्याच डोक्यावर असतात.