मुदपाकखान्यातली प्रार्थना

मुलांनो, शाळेत प्रार्थना चालू असते. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलताहेत; पण मन? ते डब्यातल्या भाजीपासून कालच्या अर्धवट राहिलेल्या मॅचपर्यंत कुठं कुठं हिंडून येतं! खरं ना? मोठ्यांचंही फार वेगळं नसतं बरं का.

ही तक्रार जुनीच आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये कुणीतरी पत्र लिहून तीच कळवली होती. आणि कळवली कुणाला, तर पॅरिसच्या मठात आचारी म्हणून राबलेल्या एका माणसाला.

त्याचं नाव ब्रदर लॉरेन्स. मूळचा तो निकोलस हर्मन, लॉरेन प्रांतातल्या गरीब घरातला. तरुणपणी सैन्यात होता. तिथं पायाला जखम झाली आणि तो कायमचा लंगडा झाला. मग एका श्रीमंताकडे नोकर म्हणून राहिला. तिथं म्हणे तो इतका वेंधळा, की हाती येईल ते फोडून ठेवायचा! शेवटी १६४० साली तो पॅरिसच्या कार्मेल पंथाच्या मठात दाखल झाला. वाटलं असेल, आता निवांत ध्यान करू. पण वाट्याला काय आलं? मुदपाकखाना! आणि गंमत म्हणजे स्वयंपाकाची त्याला मनापासून नावड. तरी चांगली पंधरा वर्षं त्यानं तेच काम केलं.

कसं केलं? कामाला हात लावण्याआधी तो देवाशी दोन शब्द बोले. काम करतानाही मनातल्या मनात बोलणं चालूच. संपलं की मागं वळून पाही. नीट झालं असेल तर आभार, चुकलं असेल तर क्षमा. तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेही देवाच्या प्रेमाखातर. जमिनीवरची काडी उचलायची, तीही त्याच्याचसाठी. दळताकांडताना विठ्ठलाशी बोलणारी जनाबाई आपल्याला ठाऊक आहे. तिचीच आठवण येते की नाही? प्रार्थनेच्या ठरल्या वेळा तो पाळायचा. पण त्याच्या लेखी प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत फरकच उरला नव्हता.

हे एका दिवसात साधलं असं मात्र समजू नका. पहिली दहाएक वर्षं त्याचं मन फार अस्वस्थ होतं.

म्हणूनच त्या पत्राला त्यानं दिलेलं उत्तर मला आवडतं. तो रागावला नाही. मन भटकण्याचा त्रास तुम्हा एकट्यालाच नाही, असं त्यानं आधी सांगितलं. मग सुचवलं, की प्रार्थनेत फार शब्द वापरू नका. श्रीमंताच्या दारात एखादा मुका भिकारी नुसता उभा असतो ना, तसं देवापुढं राहा. मन पळालंच तर त्यावर चिडू नका. हळूच परत आणा. आणि दिवसभर ते फार उधळू दिलं नाही, तर प्रार्थनेच्या वेळीही ते आवरणं सोपं जातं. (पालकांनो, ‘लक्ष कुठंय तुझं?’ असं ओरडण्यापूर्वी हे उत्तर एकदा आठवून पाहा!)

पुढं पाय फारच दुखू लागला, तेव्हा त्याला चपला दुरुस्त करण्याचं बैठं काम दिलं. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी तो वारला. एक पत्र तर त्यानं ‘हे कुणालाही दाखवायचं नाही’ अशा अटीवर लिहिलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर जोसेफ द बोफोर या धर्मगुरूनं त्याची पत्रं आणि त्याच्याशी झालेली बोलणी छापली, म्हणून तर आपल्याला ती वाचायला मिळाली.