चिमणी तेल कसं अडवते?

सातपूरच्या कामगार वसाहतींत स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं, की ओट्याचा ग्रॅनाइट आणि ट्रॉल्यांचा रंग यांवर चर्चा रंगते. चिमणी मात्र शेवटी, उरलेल्या जागेत बसते. खरं तर तिचा विचार सगळ्यांत आधी व्हायला हवा.

मिरचीची फोडणी पडली की तेलाचे सूक्ष्म थेंब गरम हवेबरोबर वर उठतात. चिमणीतला पंखा ही हवा खेचतो आणि बॅफल फिल्टरच्या पन्हळींमधून तिला झटकन वळायला लावतो. त्र्यंबक रस्त्यावर बस वेगात वळली की उभे प्रवासी आधीच्याच दिशेला फेकले जातात ना, तसंच इथे होतं. हवा वळते, पण जड थेंबांना वळता येत नाही. ते पत्र्यावर आदळतात आणि ओघळून खालच्या वाटीत जमतात.

उरलेली हवा बाहेर जाणं पाइपवर अवलंबून. 6 इंचांचा पाइप 4 इंचांवर आणला, तर हवेची वाट निम्म्याहूनही कमी उरते. पंख्याचा आवाज वाढतो, धूर घरातच राहतो. प्रत्येक वळणही जोर खातं. म्हणून शेगडी बाहेरच्या भिंतीलगतच घ्या, असा माझा आग्रह आहे. पाइप नसलेली चिमणी कोळशाच्या थरात थोडा वास शोषते, पण वाफ आणि उष्णता परत घरातच सोडते. आपल्या फोडण्यांना ती अपुरी पडते.

आणि खिडकी? जेवढी हवा बाहेर जाते, तेवढी आत यावीच लागते. सगळं घट्ट बंद असेल तर चिमणीची ओढ मंदावते. एखादी खिडकी किंचित उघडी ठेवावी, पण शेगडीलगतची नको. तिथल्या झुळकीने धूर चिमणीखालून बाजूला सरकतो.