डोंबिवलीची संख्या आणि हातचा एक

२०२५ सालच्या एक जानेवारीला फुलं, सूर्योदय आणि सुविचारांच्या जोडीने बहुतेकांच्या मोबाइलवर एक गणितही येऊन पडलं होतं. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. शिवाय एक ते नऊ या अंकांच्या घनांची बेरीजही २०२५च. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये डोंबिवलीकरांना चर्चेला एवढं पुरतं. वर्ष शुभ जाणार, असं एका काकांनी जाहीर केलं. दुसऱ्यांनी योगायोग म्हणून हात झटकले. मुलुंड गेलं तसा तिसरा, इंजिनिअर, मैदानात उतरला: ‘हे असले आकड्यांचे खेळ म्हणजे गणित नव्हे. गणित म्हणजे कॅल्क्युलस.’ त्यावर चौथ्याने त्याच्या एटीकेटींची आठवण करून दिली आणि विषय तिथून कॉलेज, मार्क आणि क्लासच्या फियांकडे वळला. आपल्याकडच्या गणिती वादांची गाडी बहुधा याच स्टेशनावर येऊन थांबते. मुद्दा काय आहे यापेक्षा तो मांडणारा किती शिकलाय, हे आधी बघितलं जातं.

गंमत अशी की ४५ ज्या जातीची संख्या आहे तिला जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. आणि याच कापरेकरांनी संख्यांच्या आणखी एका कुळाला चक्क डोंबिवली स्टेशनाचं नाव दिलेलं आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. माध्यमिक शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामाबद्दल दिलं जाणारं रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना १९२७ साली मिळालं. १९२९ मध्ये पदवी, १९३० पासून नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर, ते थेट १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत. एम.ए. नाही, पीएच.डी.चा तर प्रश्नच नाही. पारितोषिक ज्यांच्या नावाचं ते परांजपे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे त्या काळी गणितातली याहून मोठी मुद्रा नव्हती. आणि पारितोषिक घेणारा आयुष्यभर पोरांना त्रैराशिकं शिकवत राहिला. उरलेल्या वेळात तो आकड्यांशी खेळला, पदरमोड करून पुस्तिका छापत राहिला आणि गणित परिषदांना हजेरी लावत राहिला. तिथले बरेचसे प्राध्यापक त्याच्या कामाकडे बघून हसत.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर ‘डेम्लो’ नावाचं स्टेशन होतं, तेच आताचं डोंबिवली. तिथे आपल्याला या संख्यांची कल्पना सुचली म्हणून कापरेकरांनी त्यांचं नाव ठेवलं डेम्लो संख्या. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात ‘वंडरफुल’ डेम्लो संख्यांवरचं त्यांचं टिपण आलं. पुढच्या वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासोबतचा लेख मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये. सगळेच हसत नव्हते, हेही नोंदवून ठेवायला हवं.

ही संख्या काय चीज आहे ते कागदावर करून बघण्यात मजा आहे. १११ ला १११ ने गुणा, शाळेत शिकवतात तसं उभं मांडून. १११ च्या तीन ओळी येतात, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उभ्या रकान्यांत एकक्यांची मोजदाद करा: एक, दोन, तीन, दोन, एक. उत्तर १२३२१. चार एकक्यांचा वर्ग १२३४३२१, आणि असं चढत-उतरत नऊ एकक्यांचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. इथवर सगळ्यांनाच माहीत असतं, अशी चित्रं मोबाइलवर फिरत असतात. कापरेकरांची नजर त्यापुढे गेली. त्यांनी संख्येचे तीन भाग पाडले. १२३२१ मध्ये डावीकडे १२, उजवीकडे २१, मधे ३. डावं-उजवं मिळवलं की ३३. १२३४३२१ मध्ये १२३ अधिक ३२१ म्हणजे ४४४, मधे ४. त्या लांबलचक संख्येत १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ म्हणजे सलग आठ नऊ, आणि मधेही नऊच. दोन टोकांची बेरीज मधल्या अंकाचीच री ओढते. याच घडणीच्या म्हणून १६५ (१ अधिक ५, मधे ६) किंवा २५५३ (२ अधिक ३, मधे ५५) याही डेम्लो.

हे सगळं नऊपर्यंत. लोकलमध्ये हा विषय निघतो तेव्हा सहसा इथेच टाळ्या पडतात आणि कुणीतरी नऊ ग्रहांवर जातं. खरं गणित सुरू होतं ते पुढच्या पायरीवर: दहा एकक्यांचं काय?

दहा ओळी मांडल्या की मधल्या रकान्यात दहा एकक्या येतात. शून्य लिहायचं, हातचा एक. तो डावीकडच्या नवात जातो, तिथे दहा होतात, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा एक. तो आठात गेला की त्याचे नऊ होतात आणि गाडी थांबते. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल बिघडला. चढताना आठ गळाला, मधे दोन शून्यं घुसली. चमत्काराच्या शोधात असलेला माणूस इथे कागद चुरगाळून टाकेल.

पण कागद टाकू नका. मूळ संख्या दहा अंकी, म्हणून या उत्तराचे शेवटचे दहा अंक वेगळे काढा: ०९८७६५४३२१. पुढे उरले १२३४५६७९०. दोन्हींची बेरीज करा. येते ११११११११११, म्हणजे बरोब्बर त्याच दहा एकक्या ज्यांच्यापासून सुरुवात केली होती. ४५ च्या वर्गाचे तुकडे जोडले की ४५ येतात, अगदी तसंच. डेम्लोचा डौल जिथे मोडतो तिथे कापरेकर संख्या हजर. आणि हे घडवून आणणारा तो हातचा एक. कुठल्याही ग्रहाचा संबंध नाही. रकान्यात नऊपेक्षा जास्त मावत नाही, एवढंच कारण.

एवढ्यासाठीच आपल्या नेहमीच्या वादांतही जरा निवड करावी असं मला वाटतं. ८ ÷ २(२ + २) हा प्रश्न २०१९ मध्ये जगभर फिरला आणि कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी कौटुंबिक ग्रुपांत त्याने भाऊबंदकी माजवली. उत्तर १६ की १? आपल्याकडे प्रत्येकाने शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ बाहेर काढलं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. ज्यांनी २(४) हे ‘चे’ धरलं त्यांनी ते आधी सोडवून १ काढला. ज्यांनी तो साधा गुणाकार धरला त्यांनी डावीकडून जात १६. दोघंही आपापल्या जागी बरोबर, कारण भांडण गणिताचं नव्हतंच, लिहिण्याच्या संकेताचं होतं. एक कंस जादा टाकला असता तर प्रश्न जन्मालाच आला नसता. (याच सूत्रामुळे १० − ३ + २ चं उत्तर ५ काढणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. बेरीज आधी म्हणून. उत्तर ९.)

याउलट ०.९९९… हे अनंत नवांचं शेपूट बरोबर १ की एकाहून किंचित कमी, हा वाद घालण्यासारखा आहे. एक तृतीयांश म्हणजे ०.३३३…, त्याची तिप्पट ०.९९९…, आणि एक तृतीयांशाची तिप्पट १. तरी पटत नसेल तर त्या दोघांच्या मधे बसणारी एखादी संख्या काढून दाखवा. ती निघत नाही. या वादात उतरलेल्या माणसाला अनंत म्हणजे काय याचा थोडा तरी विचार करावाच लागतो.

२०१९ च्याच जून महिन्यात आणखी एक गणिती धुरळा उडाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्र पेटला. विधानसभेतही फडणवीस या आडनावाची फोड करून कोट्या झाल्या. पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर, संख्या सिद्धांतात पीएच.डी. केलेल्या आणि मुलांना गणित शिकवण्यात वर्षं घातलेल्या. २७ लिहिताना आधी दोन येतात आणि बोलताना आधी सात, यात सहा-सात वर्षांचं पोर अडखळतं, हा त्यांचा साधा मुद्दा होता. तो खोडायचा तर वर्गात जाऊन मुलं कुठे चुकतात ते पाहायला हवं होतं. ते करायच्या आधीच निकाल लागला. इथे पीएच.डी. होती, तीही चालली नाही. कापरेकरांना ती नसल्यामुळे ऐकून घ्यावं लागलं, नारळीकरांना असूनही. हिशेब कुणीच तपासला नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी.

अर्थात कापरेकरांवर हसणाऱ्या प्राध्यापकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. डेम्लोच्या टिपणानंतर दोनच वर्षांनी, १९४० मध्ये, केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांचं ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ आलं. रामानुजनना पुढे आणणारे तेच हार्डी. त्यात त्यांनी असल्या आकडी नवलांची रवानगी कोड्यांच्या सदरात केली आहे. उदाहरण म्हणून त्यांनी घेतल्या ८७१२ आणि ९८०१ या दोन संख्या: उलट्या लिहिलेल्या आपल्याच रूपाच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच (४ × २१७८ आणि ९ × १०८९). असेल, पण त्यातून पुढे काही निघत नाही, हा त्यांचा आक्षेप. त्यामागे आणखी एक वाजवी शंका आहे. हे सगळे गुण संख्येचे कमी आणि आपल्या दशमान लिखाणाचे जास्त. आपल्याला आठ बोटं असती तर डेम्लोचा डौल नवाऐवजी सातानंतरच मोडला असता.

मला हार्डींचं म्हणणं अर्धंच पटतं. त्यांनी निरर्थक म्हणून निवडलेली ९८०१ ही ९९ चा वर्ग आहे, आणि ९८ अधिक ०१ म्हणजे ९९. ९९ ही कापरेकरांच्या यादीतली निघाली, ही गंमत बाजूला ठेवू. पण ‘पुढे काही निघत नाही’ हे आधी कळत नाही, खणून बघावं लागतं. कापरेकरांनी खणलेल्या सगळ्याच विहिरींना पाणी लागलं असंही नाही. त्यांच्या काही संख्या निव्वळ करमणुकीच्याच आहेत आणि तसं म्हणायला हरकत नाही.

६१७४ ला मात्र पाणी लागलं. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, आणि हेच करत राहा. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ते साल घेऊ, १८५३. ८५३१ वजा १३५८ बरोबर ७१७३. मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. पुढे ६१७४च येत राहतं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये जाहीर केलं. आता ते ‘ब्रह्मांडाचं रहस्य’ अशा मथळ्याखाली येतं.

रहस्य खरं तर लोकलमध्ये बसून उलगडण्याजोगं आहे, बसायला मिळालं तर. पहिल्या वजाबाकीचं उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरतं: सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि मिळवा. १८५३ साठी फरक ७ आणि २. ६९९३ अधिक १८०, झाले ७१७३. मधला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून अशा जोड्या एकूण ५४ च होतात. हजारो संख्यांची गर्दी पहिल्याच पायरीला ५४ दारांतून आत शिरते. ती तपासली की काम संपलं. मग पुढचा प्रश्न: इतर अंकसंख्यांचं काय? तीन अंकांना ४९५ मिळतो. दोन अंकांना मुक्काम मिळतच नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असं रिंगण चालू राहतं. पाच अंकांचीही तीच गत. चमत्कार म्हणणाऱ्यांनी ही रिंगणं कधी फॉरवर्ड केलेली नाहीत.

कापरेकरांना नाव मिळालं ते मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर. तोवर ते सत्तरीत आले होते. १९८६ मध्ये ते गेले. विद्यापीठाचा पत्ता नसलेल्या माणसाच्या कामाचं पुढे काय होतं, त्याची उदाहरणं त्यांच्याच संख्यांत आहेत. २१ मध्ये तिचे अंक मिळवले की २४ येतात, म्हणजे २१ ही २४ ची जनक. २० ला मात्र असा कोणीच जनक नाही. अशा स्वयंभू संख्यांवर कापरेकरांनी १९६३ मध्ये पुस्तिका काढली आणि त्यांना देवळालीचं नाव दिलं. १९७०च्या दशकात कोलंबियातल्या एका गणितज्ञाने त्याच स्वतंत्रपणे मांडल्या, म्हणून त्या ‘कोलंबियन’ही झाल्या. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं होतं. रामानुजनची १७२९ ही अशीच: अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ म्हणजे १७२९. आयव्हन निव्हन या प्राध्यापकाने १९७७ मध्ये या संख्यांविषयी व्याख्यान दिलं आणि अमेरिकेत त्या निव्हन संख्या झाल्या.

डेम्लोवर कुणी दावा सांगितला नाही. नील स्लोन यांनी सुरू केलेल्या पूर्णांक श्रेणींच्या विश्वकोशात ती ए००२४७७ या क्रमांकावर आहे, नाव ‘वंडरफुल डेम्लो नंबर्स’. त्या यादीत नवव्या संख्येनंतर १२३४५६७९००९८७६५४३२१ ही डौल बिघडलेली दहावीही घेतलेली आहे.